बहिऱ्याची भूमिका

ही गोष्ट खरी आहे. तुम्हाला पटलीच पाहिजे असा माझा हट्ट नाही. आमच्या नाटकाच्या ग्रुपमधले सगळे आजही धडधाकट आहेत, हवं तर त्यांना विचारा.

फक्त माझ्या दादाला विचारू नका.

आणि त्याला मागून हाक तर मुळीच मारू नका.

तीन वर्षांपूर्वीचा मार्च महिना. एका बंद पडलेल्या छापखान्याचं तळघर आम्ही तालमीसाठी घेतलं होतं. घडीच्या चाळीस खुर्च्या, सहा दिवे, एक काळा पडदा. प्रयोगही तिथेच करायचा होता. मोठं थिएटर आम्हाला कोण देणार?

नाटक फ्रान्समधलं, तीनशे वर्षांपूर्वीचं. एकदम विनोदी. एक श्रीमंत म्हातारा बहिरेपणाचं सोंग घेतो आणि घरचे आपल्याबद्दल काय बोलतात ते गुपचूप ऐकतो. मास्तरांनी, म्हणजे आमच्या दिग्दर्शकांनी, ते आजच्या काळात आणलं होतं. हवेलीचा फ्लॅट झाला. चिठ्ठ्यांच्या जागी मोबाइल आले.

म्हातारा म्हणजे माझा दादा. पंधरा वर्षं त्याने फक्त दार उघडणारे नोकर केले होते. ही त्याची पहिली मोठी भूमिका.

"चिमणे, ही हातची गेली ना, तर मी पुन्हा स्टेजवर पाय ठेवणार नाही," तो मला म्हणाला होता.

नाटकात मी त्याची मुलगी. शिवाय कपडेही मीच शिवायचे. आमच्यात एकाने तीन कामं करायची पद्धतच होती.

आता मास्तरांची एक खोड सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

बहिरा माणूस आवाजाला दचकत नाही. म्हणून तालीम चालू असताना कुणीही, कधीही, दादाला दचकवायचं. कुणी ताट आपटायचं, कुणी त्याच्या कानामागे शिट्टी वाजवायची. दादाने ढिम्म हलायचं नाही. हलला की त्या दिवशी तळघर त्याने झाडायचं.

पहिला आठवडा त्याने रोज झाडलं. दुसऱ्या आठवड्यात झाडू आमच्या हातात आला. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात, तसा हा बहिरेपणाचं सोंग घेऊन बसला.

तालमीत मास्तर त्याला प्रेक्षकांच्या खुर्च्यांकडे पाठ करून बसवायचे. मग एक दिवस अगदी मागच्या खुर्च्यांतून आवाज आला...

"बाबा, इकडे बघा ना."

हे नाटकातलं शेवटचं वाक्य. मुलगी मागून हाक मारते, बापाला राहवत नाही, तो वळतो आणि सोंग उघडं पडतं. सगळं नाटक त्या वळण्यासाठी थांबलेलं असतं. मास्तर तो क्षण तालमीत करूच द्यायचे नाहीत. "ताजा राहू दे," म्हणायचे.

आवाज बाईचा होता. शांत, जरा लाडिक. दादा वळला नाही.

"वा! ही युक्ती चांगली आहे. चालू ठेवा," मास्तर म्हणाले.

मला वाटलं, काकू असतील. काकू बँकेत कॅशियर, नाटकात दादाची बायको. ग्रुपमध्ये बायका आम्ही दोघीच. काकूंना वाटलं, मी असेन. दोघीही एकमेकींना मनातून शाबासकी देत होतो.

बारा दिवस हे असंच चाललं.

तेराव्या दिवशी काकूंचा घसा पार बसला होता. त्या खुणांनीच बोलत होत्या. मी विंगेत बसून कोटाची बाही लावत होते. माझ्या ओठांत पाच-सहा टाचण्या होत्या.

आणि...

"बाबा, इकडे बघा ना."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी काकूंकडे पाहिलं.

एक टाचणी माझ्या ओठात रुतली.

आवाज आता मागच्या खुर्च्यांतून आला नव्हता. तिसऱ्या रांगेतून आला होता. तिथल्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

मास्तर "वा" म्हणायला गेले आणि अर्ध्यावर थांबले. दिवेवाल्याने न सांगता सगळे दिवे लावले.

दादा तसाच पाठमोरा बसून होता.

तालीम तिथेच मोडली. बाहेर पडल्यावर मी त्याला गाठलं. "तू ऐकलंस?"

"पहिल्या दिवसापासून ऐकतोय," तो म्हणाला. "तुमच्यातलं कुणी नाही, हेही माहीत होतं."

"मग मूग गिळून का बसलास?"

"सांगितलं असतं तर नाटक बंद पाडलं असतंत. चिमणे, ती काही करत नाही गं. नुसती हाक मारते. रोज थोडी पुढे येते, एवढंच."

"दिसते कशी?"

"मी बघितलेलंच नाही. भूमिकाच तशी आहे ना!" असं म्हणून तो हसला. मला हसू आलं नाही.

प्रयोग चार दिवसांवर होता. तो रद्द करा म्हणून मी हटून बसले असते तर मास्तरांनी ऐकलं असतं. काकू तर तयारच होत्या. पण दादाचा चेहरा पाहिला आणि मी गप्प बसले. ती चूक माझी. ती मी कुणावर ढकलत नाही.

रविवारी दुपारी चारला पडदा उघडला. तळघर खच्चून भरलं होतं. दादाने काय काम केलं म्हणून सांगू! लोक पोट धरधरून हसत होते. इतक्या माणसांत मला भीतीच वाटेनाशी झाली. त्या सगळ्या हशात एकदाही तो आवाज आला नाही.

शेवटचा प्रवेश. दादा प्रेक्षकांकडे तोंड करून खुर्चीत. मी त्याच्या मागे, दोन पावलांवर.

मी वाक्यासाठी श्वास घेतला...

"बाबा, इकडे बघा ना."

मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

आवाज माझ्या खांद्याला लागून आला होता. आणि तो आता माझाच आवाज होता. अगदी माझा. शेवटच्या 'ना'वर मी घेते तो हेलसुद्धा.

दादाची मान ताठ झाली. तो वळला नाही.

मी घाईघाईने माझं वाक्य म्हटलं. तो वळला नाही.

"दादा, मी आहे," मी कुजबुजले.

"दादा, मी आहे," माझ्याच आवाजात शेजारून आलं.

खुर्चीच्या हातांवर त्याची बोटं पांढरी पडली होती. दोघींतली बहीण कोणती, हे त्याला पाठमोऱ्याने कसं कळावं? मला रडू फुटलं. मास्तरांनी पडदा पाडला.

टाळ्या थांबेचनात. लोकांना वाटलं, हा नवा शेवट आहे. म्हातारा खरोखरच बहिरा झाला, असा. एका पेपरात तर 'धाडसी बदल' म्हणून कौतुकही छापून आलं.

दादा त्या दिवसापासून कुणाच्याही हाकेला ओ देत नाही. दोन डॉक्टर झाले. दोघांनीही सांगितलं, कान ठणठणीत आहेत. समोर जाऊन उभं राहिलं की तो छान बोलतो, थट्टा करतो, जेवणाला नावं ठेवतो. पण आधी चेहरा दिसायला हवा. नाटक सुटलं. तो आता माझ्याकडेच राहतो.

इथपर्यंतचं सगळं मी बऱ्याच जणांना सांगितलंय. पुढचं कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. नळ चालू होता. मागून दादाची हाक आली.

"चिमणे, इकडे बघ ना."

मी नळ बंद केला.

आणि समोरच्या खिडकीतून मला दादा दिसला. खाली अंगणात तो दोरीवर कपडे वाळत घालत होता. तोंडात दोन चिमटे धरलेले.

त्याने वर पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं त्याला, कोण जाणे. हातातली चादर टाकून तो धावत वर आला. थेट माझ्या समोर उभा राहिला. माझा चेहरा त्याने दोन्ही हातांत घट्ट धरला, मान वळू नये म्हणून.

"चिमणे, ओ दिलीस का?"

मी म्हटलं, "नाही."

त्याने दहादा विचारलं. मी दहादा नाहीच म्हटलं. तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

पण नळ बंद करता करता, खिडकीकडे लक्ष जायच्या आधी...

"काय रे, दादा?" असं मी म्हणाले होते.