पंचवीस अंश

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण पुढे लिहिलंय ते घडलं. माझ्या आणि बाबांच्या डोळ्यांदेखत घडलं. ज्या माणसाच्या बाबतीत घडलं, तो आज स्वतःच्या हाताने पाण्याचा पेलासुद्धा उचलू शकत नाही.

रात्र नव्हती. रविवारची दुपार होती, खिडकीतून लख्ख ऊन आत येत होतं. जागा आमचंच घर, आईची मागची खोली.

आईला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

लॅपटॉप बनवणाऱ्या एका कंपनीत ती चार्जिंगच्या प्रयोगशाळेत होती. बॅटरी किती भरली, किती तापली हे ऑपरेटिंग सिस्टीमला नीट कळावं आणि चार्जिंग वेळेवर थांबावं, हे तिचं काम. लहानपणी मी विचारलं होतं, "बॅटरी तापली हे कॉम्प्युटरला कसं कळतं गं?"

"त्याला कुठलं कळायला! तो विचारतो. बॅटरीतल्या चिपला विचारतो. चिप सेन्सरला विचारते. सेन्सर जे सांगेल ते वर जातं, आणि वरचा नुसता हुकूम सोडतो. थांबवा. चालू करा. मालक तो, पण डोळे दुसऱ्याचे."

"म्हणजे आपले बाबा."

"अगदी," आई म्हणाली. पेपराआडून बाबा खाकरले.

तिचे घरातले नियम ठरलेले होते. कोणतंही यंत्र ऐंशी टक्क्यांच्या वर चार्ज करायचं नाही. तशी मर्यादा तिने सगळ्यांवर लावूनच ठेवली होती. बॅटरी जराशी जरी फुगली, तरी ती काढून गॅलरीतल्या वाळूच्या बादलीत पुरायची. बाबा त्या बादलीला दफनभूमी म्हणायचे.

आणि शेवटचा नियम. "गोडसर वास आला, नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा, की पळायचं. प्रश्न विचारायचे नाहीत."

ती गेली ती प्रयोगशाळेतच. बंद खोलीत बॅटरीची चाचणी चालू होती. पडद्यावर तापमान दिसत होतं पंचवीस अंश. म्हणून ती आत गेली, आणि बॅटरी तिच्या तोंडावर फुटली.

आईचा चेहरा आम्हाला दाखवला नाही. बाबांनी तिला मनगटावरच्या घड्याळावरून ओळखलं.

नंतर कळलं, सेन्सरच्या जागी कोणीतरी एक साधा रेझिस्टर बसवला होता. चिमूटभर वस्तू. ती बसवली की सिस्टीमला कायम पंचवीस अंशच दिसतात. आत वणवा पेटला तरी पंचवीस. चाचणी मध्येच बंद पडू नये म्हणून घाईतले लोक ही चलाखी करतात.

कंपनीने सांगितलं, ती आईनेच केली.

ऐंशीच्या वर एक टक्का न जाऊ देणाऱ्या बाईने!

मला एवढंच हवं होतं. तिच्या नावावरचा हा डाग पुसला जावा. बाकी काही परत मिळणार नव्हतं.

तिचा ऑफिसचा लॅपटॉप घरी राहिला होता, चार्जर प्रयोगशाळेत. त्यामुळे दोन महिने त्याला वीज मिळालेली नव्हती. तिच्या टेबलावर तो मिटून पडला होता.

त्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात मी मागच्या खोलीत पुस्तकं आवरत होते, आणि आवाज आला...

टिंग.

चार्जरची पिन खोचल्यावर येतो तोच आवाज.

मी वळून पाहिलं. लॅपटॉपला कसलीही वायर नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाबांना कणकण वाटली. मी बटणाचा थर्मामीटर त्यांच्या काखेत लावला. तो वाजला. आकडा पाहिला...

पंचवीस.

"किती आहे?" बाबांनी विचारलं. मी थर्मामीटर त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी चष्मा लावून बघितलं. "म्हणजे मी गेलोच की."

ते हसले, मला हसू आलं नाही. तो थर्मामीटर बत्तीसच्या खाली आकडा दाखवतच नाही, नुसती रेघ दाखवतो.

रविवारी दुपारी बेल वाजली. आईचे वरिष्ठ आले होते, लॅपटॉप न्यायला. घरात आम्ही त्यांना घाईसाहेब म्हणायचो. नाव आईचंच. त्यांना प्रत्येक गोष्ट कालच हवी असायची.

"बसा," बाबा म्हणाले. "घाई नसेल तर."

"नाही हो, आहेच जरा. ऑफिसची वस्तू आहे, तेवढी ताब्यात घेतो. मॅडमच्या बाबतीत झालं ते वाईटच झालं. पण नियम मोडला की..."

"कोणी मोडला?" मी विचारलं.

त्यांनी घड्याळात बघितलं. मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. बाबाही मागोमाग आत आले.

ते आईच्या खुर्चीत बसले. टेबल पुस्तकांनी भरलेलं होतं, म्हणून लॅपटॉप त्यांनी मांडीवर घेतला. "चालू होतोय का, तेवढं बघून घेतो."

"होणार नाही. दोन महिने चार्ज केलेला नाही."

त्यांनी बटण दाबलं.

लॅपटॉप चालू झाला.

कोपऱ्यात आईचा छोटा प्रोग्राम उघडला. ती सतत उघडा ठेवायची तो. बॅटरी ऐंशी टक्के. तापमान पंचवीस.

"हा तर भरलेला आहे," ते म्हणाले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर थांबली. खालच्या रस्त्यावर गाड्या होत्या, त्यांचाही आवाज येईना. कानात दडे बसल्यासारखं झालं. ऐकू येत होता तो फक्त लॅपटॉपचा पंखा... हळूहळू चढत जाणारा.

एक्क्याऐंशी.

"हे वर कसं चाललंय?" घाईसाहेब म्हणाले. "वायर तर नाही."

नव्वद.

आणि मग तो वास आला. गोडसर...

"साहेब, खाली ठेवा ते. उठा, बाहेर चला!" मी ओरडले.

"अहो, पंचवीसच आहे. थंड आहे. उगाच घाबरताय."

"साहेब, तुमच्या पँटमधून धूर येतोय!"

त्यांनी मांडीकडे बघितलंच नाही. पडद्याकडे बघितलं. "पंचवीस," ते म्हणाले. पटवून द्यावं तसं.

आणि मग त्यांना कळलं. त्यांचा चेहरा पांढरा पडताना मी पाहिला. त्यांनी मान वर केली, पण नजर माझ्यावर नव्हती. माझ्या खांद्यामागे, दाराकडे होती.

"मी बसवला होता," ते पुटपुटले. "एकाच चाचणीपुरता. मी काढणार होतो, मॅडम... शपथ सांगतो, काढणार होतो..."

मी मागे वळले. दारात कोणी नव्हतं.

फाड्कन आवाज झाला. लॅपटॉपचं झाकण मिटलं होतं, त्यांची बोटं आत धरून. ते ओढत होते. दात ओठात रुतून हनुवटीवर रक्त आलं, तरी बोटं निघेनात. मी झाकण उचकटायला गेले. माझ्या तळव्याची कातडी त्याला चिकटून सोलली गेली.

मग आग सुटली. पेटली म्हणता येणार नाही. कोंडलेली वाफ सुटावी तशी दोन्ही बाजूंनी फुत्कारत सुटली. मांडीवर, पोटावर, तोंडावर. मी मागे फेकले गेले. ते खुर्चीसकट पडले. किंकाळीत शब्द होता. तोच आकडा. पुन्हा पुन्हा तोच आकडा. मग नुसता आवाज राहिला, माणसाचा वाटू नये असा. जळक्या मांसाचा वास त्या गोड वासात मिसळला.

बाबा गॅलरीतून बादली घेऊन धावत आले. सगळी वाळू त्यांनी घाईसाहेबांच्या अंगावर ओतली.

वाळूबरोबर काहीतरी धपकन जमिनीवर पडलं.

एक चपटी, काळी बॅटरी. मधोमध फुगलेली. तिच्यावर चिकटपट्टी होती आणि पट्टीवर आईचं अक्षर: 'ऑफिसच्या लॅपटॉपची. वापरू नये.'

मी तिला हात लावला. गार होती.

पुढे आग विझवणाऱ्यांनी लॅपटॉप उघडून पाहिला. वरचा भाग वितळून गोळा झाला होता. आतला बॅटरीचा खण रिकामा होता. त्याच्या कडांना काजळीसुद्धा नव्हती. "मग पेटलं काय?" त्यांच्यातल्या एकाने बाबांना विचारलं.

घाईसाहेब वाचले. बोटं काढून टाकावी लागली. इस्पितळातून त्यांनी चौकशीवाल्यांना सांगितलं की रेझिस्टर त्यांनीच बसवला होता, आईला त्याचा पत्ता नव्हता. कंपनीने आपलं म्हणणं मागे घेतलं. मला हवं होतं ते मिळालं.

बाबा म्हणतात, आई होती ती. त्यांना त्यात आधार वाटतो. मला वाटत नाही. कोणाला भाजू नये म्हणून ही बाई आयुष्यभर जपत आली. तिने एका माणसाला असं धरून ठेवलं असेल? आणि ती आई नसेल, तर त्या दारात कोण होतं?

हे इथेच संपलं असतं, तर मी लिहायला बसले नसते.

काल संध्याकाळी मी बाबांजवळ बसले होते. मला थंडी वाजत होती. त्यांनी कपाळावर हात ठेवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

"केवढी तापलीयेस!"

त्यांनीच थर्मामीटर लावला. वाजला. त्यांनी बघितलं, आणि माझ्यासमोर धरला.

पंचवीस...

पट्टी बांधलेल्या तळव्याने हे लिहितेय. दार उघडं ठेवलंय, चपला पायातच आहेत, बाबांनाही घालायला लावल्यात.

अजून तो गोड वास आलेला नाही. आला की आम्ही पळणार आहोत. प्रश्न विचारणार नाही.