आले हं, गुंड्या

एखाद्याच्या दाराशी उभं राहून तावातावानं भांडावं, आणि जिच्याशी भांडतोय तिनंच मागून येऊन "जरा सरकता का?" म्हणावं... अशी फजिती वैऱ्याचीही होऊ नये. खालच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्याची मात्र झाली.

"अहो, किती वेळा 'आले, आले' म्हणाल? दार तरी उघडा!" तो बंद दाराला दटावत होता.

आतून लाडिक आवाज आला, "आले हं राजा... आत्ता आले..." आणि त्यापाठोपाठ एका पिल्लाचं केविलवाणं केकाटणं.

"जरा सरकता का?"

तो गर्रकन वळला. आवाज तर हाच! पण ही बाहेर उभी... एका हातात ओली छत्री, दुसऱ्या हातात किल्ली.

"मग आत कोण आहे?"

"मीच," ती म्हणाली आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली.

झालं होतं असं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांना 'हे अक्षर दिसतंय का, आणि आता?' विचारायचं, हे तिचं काम. दुकानातल्या मैत्रिणीच्या कुत्रीला पिल्लं झाली, त्यातलं एक हिच्या ओढणीत शिरून झोपलं, आणि बाईसाहेब विरघळल्या. जन्मात कधी मांजरसुद्धा पाळलं नव्हतं! गुंड्या घरी आला आणि घराची रया गेली. चप्पल कुरतडली, पडदा खाली आला. अंगणात न्यायचं ते शू व्हायच्या आधी, हे कळेपर्यंत दोन सतरंज्या धुऊन झाल्या. तरी तो मांडीवर येऊन उसासा टाकायचा, तेव्हा तिला अगदी भरून यायचं. त्याला एकटं वाटू नये म्हणून तिनं जुन्या फोनवर स्वतःचा आवाज भरून ठेवला होता. ती नसताना तो आवाज थोड्या थोड्या वेळानं वाजत राहायचा.

आणि गुंड्या दिवसभर रडायचा. घराच्या मालकीणबाईंनी कालच बजावलं होतं, "रविवारपर्यंत गप्प झाला तर ठीक. नाहीतर जिथून आणलंस तिथे सोडून ये."

दार उघडताच गुंड्या तिच्या पायांवर लोळला. तिनं त्याला छातीशी धरलं.

"रागावणार नसाल तर एक सांगू?" घड्याळवाला म्हणाला. त्याचं भिंग अजून कपाळावरच होतं.

"रागावेन. पण सांगा."

"त्याची नखं माझ्या डोक्यावरच टकटकतात, म्हणून कळतं. मधूनमधून तो शांत झोपतो हो. मग तुमचा आवाज लागतो, तो धडपडत दाराशी येतो... आवाज म्हणतो 'आले', आणि येत कुणीच नाही. तेव्हा रडतो."

तिचे डोळे भरून आले. "मला वाटलं, त्याला सोबत होईल..."

तिला रडताना बघून त्याचा सगळा राग कुठल्या कुठे पळाला. आलो कशाला आणि करून काय बसलो, असं त्याला झालं.

फोन बंद झाला. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला. दार लावून बाहेर जायचं आणि त्यानं रडायच्या आत परत यायचं. मग जरा जास्त वेळ, मग अजून जरा. आपलं माणूस जातं आणि परत येतं, हे त्याला कळू दे.

संध्याकाळी सराव सुरू झाला. ती दार ओढून जिन्यात बसायची. तो खाली आपल्या दारात, कान वर लावून. घड्याळांची टिकटिक ऐकणारा कान तो! गुंड्यानं नुसता घसा साफ केला तरी त्याला कळायचं.

"तुम्हाला काय वाटतं, तो—"

"पळा!"

की ही धावत वर. सुरुवातीला एक वाक्य पुरं व्हायचं नाही. मग दोन व्हायला लागली. मग ती चार पायऱ्या खाली आली, मग त्याच्या उंबऱ्याशी, मग आत स्टुलावर. गुंड्याचा धीर वाढला तशा यांच्या गप्पाही वाढल्या. त्यानं एक जुनं टेबलावरचं घड्याळ टॉवेलात गुंडाळून दिलं, त्याच्या टिकटिकीला बिलगून पिल्लू झोपेल म्हणून.

"गजर काढलाय ना?" ती हसून विचारायची.

"एकदाच विसरलो होतो! किती दिवस टोचणार आहात?"

"बघू... कंटाळा येईपर्यंत."

रविवारी मालकीणबाई खुर्ची घेऊन तिच्या दाराबाहेर ठाण मांडून बसल्या. ती खाली, त्याच्या टेबलाशी. "रडला तर? मी नाही हो सोडू शकणार त्याला..." तिनं त्याचा हात कधी घट्ट धरला, तिलाच कळलं नाही. त्यानंही सोडवला नाही.

बऱ्याच वेळानं वरून आवाज आला, "अगं, आत आहे की नाही तेच कळेना! राहू दे त्याला."

ती आनंदानं उडीच मारणार होती. तेवढ्यात तिला हातातला हात दिसला... तिनं हळूच सोडला.

"सराव संपला," तो स्क्रू चाळवत म्हणाला. "आता खाली यायचं काही कारण नाही तुम्हाला."

"नाही ना..." ती म्हणाली. जरा थांबली. त्यानं स्क्रूंवरून मान वर केली नाही, तशी वर गेली. गुंड्या चारही पाय वर करून घोरत होता. जिंकली होती, तरी तिला रडू येत होतं.

"अहो!" जिन्यातून हाक आली. "ऐकताय ना? गुंड्याला सवय झाली, पण मला नाही झाली! तुम्ही वर गेलात की मला करमत नाही. काही सुचत नाही. मला तुम्ही... फार आवडता!"

खुर्ची उचलत असलेल्या मालकीणबाईंनी ती पुन्हा खाली टेकवली आणि निवांत बसल्या.

"आले हं!" तिनं वरून ओरडून सांगितलं. दार हलकेच ओढलं आणि पायऱ्या उतरायला लागली. गुंड्या कुईंसुद्धा करेना.

तो दारात उभा होता, घाबराघुबरा, भिंग अजून कपाळावर.

"खरंच आलात?"

"आले म्हटलं होतं ना," ती म्हणाली, आणि त्याच्या कपाळावरचं भिंग अलगद काढून घेतलं.