एक नंबरचं बटण

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा आठवीत सुटली, भारी शब्द येत नाहीत. चुका पोटात घाला. झालं ते सरळ लिहितो.

मी गाड्या आतून साफ करतो. एका दुपारी पिवळी जपानी स्पोर्ट्स कार आली. दोनच सीटची. पन्नास वर्षं चालत आलेल्या मॉडेलच्या घराण्यातली ही आताची पिढी. ती घेऊन आलेले काका म्हणाले, "तरुणपणी हिच्या आजीचा फोटो मी भिंतीला चिकटवला होता. घेतली मात्र पोराने." पोरगा मागच्या महिन्यात तापाने गेला होता.

सीटजवळचं एक नंबरचं बटण दाबलं की सीट त्याच्या बसण्याच्या जागी जाऊन थांबायची. काकांनी ते दाखवलं. "एवढं सांभाळ, बाळा. त्याच्या मापाचं एवढंच उरलंय."

आमची रीत अशी, की साफ करायला सीट पार मागे न्यायची आणि ती जागा दोन नंबरच्या बटणात साठवायची. काकांच्याच विचारात मी ती एक नंबरमध्ये साठवली. 'टुंग' वाजलं. तीनदा दाबून पाहिलं. तिन्ही वेळा सीट शेवटपर्यंत मागे गेली. पोराचं माप पुसलं गेलं होतं.

गॅरेजच्या उस्तादांना मी सांगितलं. ते म्हणाले, "मुखदुर्बळा, आता तरी तोंड उघड. का तुझ्या वतीने मी रडू?"

संध्याकाळी काका आले. सीट मी पुढे घेऊन ठेवली होती. त्यांनी आत बसून बटण दाबलं. सीट घुर्र करत मागे सरकली... आणि मध्येच थांबली.

"हं... इथेच बसायचा तो."

उघड्या काचेतून वास आला. मी लावलेल्या पॉलिशचा नव्हे. औषधांचा, तापलेल्या अंगाचा. काका गाडी घेऊन गेले. चूक सांगायची राहूनच गेली.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी खरं सांगायला त्यांच्या घरी गेलो. काका कालच्याच कपड्यांत, गाडीशेजारी खुर्ची टाकून बसले होते. मी सगळं कबूल केलं.

"असू दे रे," ते हळूच म्हणाले. "हे बघ. काल रात्रीपासून आपोआप पुढे सरकतेय. आधी कॉलेजातला होता, तेवढी. मग पहाटे शाळेतला..."

सीट स्टिअरिंगला टेकायला आली होती. काकांनी तिच्यावर उशी ठेवली होती. उशीच्या मधोमध छोटासा खळगा होता.

"संध्याकाळपर्यंत कडेवर घेता येईल."

"आणि... त्यानंतर, काका?"

त्यांनी उशी सारखी केली. मी बॉनेट उघडलं आणि बॅटरीची वायर काढली. त्यांनी अडवलं नाही. फक्त ओठांवर बोट ठेवलं.

"हळू... आत्ताच झोपलाय."

वायर माझ्या हातात होती. सीट घुर्र करत आणखी बोटभर पुढे सरकली.