गुळाच्या भावाची रेघ

"पावणं, हलू नका! तुमच्या पाठीला माझा सगळा हंगाम चिकटलाय!"

मी ओरडले आणि भिंतीला टेकलेला तो उंचापुरा गडी जागच्या जागी थिजला. धुक्याची सकाळ होती. शाहूपुरीच्या नव्या पेठेत गुळाच्या गाड्या एकीला एक लागून उभ्या होत्या, बैलांच्या नाकांतून वाफा निघत होत्या... आणि आमच्या अडतीच्या मागच्या भिंतीवर, जिथं मी दिवाळीपासून रोज गेरूचा एक ठिपका देत आले होते, तिथं आता नुसता तांबडा फराटा. दवानं गेरू ओला झालेला. ठिपके सगळे त्याच्या पांढऱ्या पैरणीवर!

"हंगाम? पाठीला?" तो मान वळवायला लागला.

"मान बी हलवू नका म्हटलं की!"

"बरं बाई. श्वास तरी घेऊ का?"

मला हसू आलं. पण मी ते ओठांतच दाबलं. त्याला दोन पावलं पुढं घेतलं आणि गेरूची वाटी आणली.

रोज सौदे संपले की अप्पा आत येऊन मला गुळाचा भाव सांगत. भाव चढला तर माझा ठिपका कालच्यापेक्षा वर, उतरला तर खाली. बाया रांगोळीचे ठिपके जोडतात, मी भावाचे जोडायची. जोडता जोडता कळलं होतं, की भाव बैलासारखा चालतो, सवयीच्या वाटेनं. कुठं दमतो, कुठं उसळी घेतो, ते रेघ आधीच सांगते. अप्पा, म्हणजे माझे वडील, अडत्ये चन्नाप्पा, बाजारात कुणाला सांगत नसत. पण गूळ विकायचा की ठेवायचा, ते भिंत बघूनच ठरवत.

पैरणीवर ठसा उलटा उमटलेला, कालचा ठिपका डावीकडं आणि दिवाळीचा उजवीकडं. मी सुलटा करून एकेक ठिपका परत भिंतीवर देत होते. बोट लागू द्यायचं नव्हतं, तरी एकदा लागलंच. तो शहारला. आणि मी... मी पण.

"गुदगुल्या व्हत्यात," तो म्हणाला.

"गूळ निम्माच विका आज. भाव अजून चढणार हाय."

"रेघा वडून भाव कळतो व्हय? आमच्या शिरोळात रेघा वडून पोरं खेळत्यात नुसती."

"मग नका ऐकू. पैरण धुवा न् जावा."

त्यानं निम्माच विकला. आणि पुढच्या खेपेला भाव खरंच चढला. गुरुसिद्ध त्याचं नाव. शिरोळला नदीकाठी ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ. अंगात तीच पैरण, पाठीवर तेच फिकट तांबडे ठिपके.

"धुतली न्हाई?"

"धुतली की. डाग जाईना. आव्वा इचारती, कुण्या गावची रांगोळी घालून आलास रं?"

"मग काय सांगितलं?"

"सांगितलं, वाचायला अजून शिकतोय..."

मग तो दर खेपेला भिंतीशी यायचा. टेकायचा मात्र नाही. ठिपक्यावर बोट ठेवून विचारायचा, "हितं का वाकली?" मी सांगायची, "हितं घेणारे घाबरले." "आन् हितं?" "हितं हावरटपणा झाला." तो माझ्याकडं बघत मान हलवायचा, आणि भिंत कुठल्या बाजूला आहे याचा त्याला पत्ता नसायचा. पहाटे जात्यावर बसले, की ओवी आपोआप येई,

भिंतीच्या रेघंला एक चढण, एक घाट,
शिरोळच्या गाडीची डोळं बघत्यात वाट.

एके दिवशी अप्पा म्हणाले, "रत्नव्वा, निपाणीचं स्थळ चांगलं हाय. हंगाम सरला की त्यास्नी शब्द देतो." त्या दिवशीचा माझा ठिपका वेडावाकडा पडला.

आणि नेमकी त्याच आठवड्यात रेघ बोलली. भाव मागे ज्या उंचीवरून परत फिरला होता, त्याच उंचीवर पुन्हा पोचला आणि पुन्हा माघारी वळला. दोनदा एकाच चौकटीवर डोकं आपटलं, म्हणजे वरच्या भावाला घेणारं गिऱ्हाईक उरलं नाही. आता घसरगुंडी!

गुरुसिद्ध आला. खरं सांगितलं, तर तो सगळा गूळ विकून जाणार. मग पुढच्या दिवाळीपर्यंत शिरोळची गाडी नाही. तोवर मी निपाणीला. खोटं सांगावं? "थांबा, चढंल," एवढं म्हटलं की झालं...

"काय म्हणती रेघ?" त्यानं विचारलं.

"सगळा विका. घरातला बी आणून विका. आता पडणार."

"सगळा?"

"सगळा म्हटलं की!" मी आत पळाले.

भाव पडला. पडतच राहिला. आणि त्या पडत्या बाजारात, एका सकाळी, गुळानं भरलेली गाडी भिंतीपाशी येऊन थांबली. मला रडू यावं की राग, कळेना.

"सांगितलं व्हतं न्हवं? माझ्या रेघंवर इश्वास न्हवता व्हय?"

"व्हता की," गुरुसिद्ध शांतपणे म्हणाला. "पुरता व्हता."

"मग ठेवला कशाला? केवढं नुकसान झालं!"

तो बैलाच्या कासऱ्याशी चाळा करत राहिला. "सगळा इकला असता... तर हिकडं यायचं काय निमित्त सांगितलं असतं?"

पेठेत केवढा गलका होता. मला एक शब्द ऐकू येईना. जन्मभर रेघा ओढल्या असत्या, तरी हे काही मला आधी कळलं नसतं.

"आता तरी विका," मी भिंतीकडं तोंड करून म्हटलं. "आन् पुढल्या खेपेला गुळाबिगर या. आव्वाला घेऊन. निपाणीकरांच्या आधी."

"म्हंजे...?"

"म्हंजे काय ते घरी जाऊन आव्वालाच इचारा!"

तेवढ्यात दाराआडून खाकरल्याचा आवाज आला. अप्पा! किती वेळ उभे होते कोण जाणे.

"पडत्या बाजारात गूळ धरून बसलेला गडी म्या आजवर बघितला न्हवता," अप्पा बाहेर येत म्हणाले. त्यांनी गाडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग उपरण्यानं उगाचच तोंड पुसलं. "येपारी म्हणून तू बिनकामाचा हाईस, लेका. निपाणीला म्या निरोप धाडतो. पर सगळा इकू नगं. एक ढेप माघारी ने. आईसंगं येशील, तवा तोंड गोड करायला पोराकडचा गूळ लागतो."

गुरुसिद्धानं ढेपा एकेक करून उतरवल्या. सगळ्यांत पिवळीधमक होती, ती आपल्या पटक्यात गुंडाळली... आणि गाडीवर, जिथं जोडीचं माणूस बसतं, तिथं जपून ठेवली.