बोलकीचा गळा कुणी दाबला?

साहेब, आंधळ्या पोरांची परीक्षा तुम्ही मुकी केलीत. तुम्ही म्हणजे कोण, हे तुमचं तुम्हाला ठाऊक आहे. खुर्ची तुमची, शिक्का तुमचा, आणि परीक्षा बुडाल्यावर कॅमेऱ्यापुढे धरलेला तो सुतकी चेहराही तुमचाच. देगलूरच्या एका पोराकडे बोट दाखवून तुम्ही हात झटकलेत. ती झटकलेली घाण कुणाच्या अंगावर उडाली, ते आता ऐका.

लातूरच्या केंद्रावर लिपिकपदाची परीक्षा होती. दृष्टिहीन उमेदवारांना वेगळा हॉल दिलेला. प्रत्येकाच्या कानाला हेडफोन, पुढ्यात कम्प्युटर आणि कम्प्युटरात 'बोलकी'. पडद्यावर जे उमटेल ते बोलकी वाचून दाखवणार, उमेदवार ऐकून उत्तर देणार. पहिला प्रश्न तिने वाचला. दुसरा अर्धा वाचला. आणि हॉलभर सगळे हेडफोन एकदम गप्प झाले.

पोरं आधी हेडफोन चाचपत बसली, मग वायरी. मग शेजाऱ्याला विचारायला लागली, तर पर्यवेक्षकाने दम दिला, "बोलायचं नाही, परीक्षा चालू आहे."

परीक्षा रद्द झाली. दोन दिवसांनी मंडळाचा माणूस फिर्याद घेऊन नांदेडच्या सायबर पोलिसांकडे आला, कारण आरोपी नांदेड जिल्ह्यातला होता. फाइल फौजदार जगदेवीच्या टेबलावर पडली. जगदेवी उदगीरकडची. कमी बोलायची आणि समोरच्याला बोलू द्यायची.

"वरून फोन आहे," मोठ्या साहेबांनी दारातूनच सांगितलं. "उद्या संध्याकाळपर्यंत पोरगा आत पाहिजे."

फिर्यादी समोरच बसला होता. मृत्युंजय, परीक्षा मंडळाचा तांत्रिक सल्लागार. पुण्याचा. दुपारच्या उकाड्यातही शर्टाची इस्त्री मोडली नव्हती.

जगदेवीने देगलूरला निघायचं म्हणून हवालदाराला फोन लावला. "व्यंकटी, कुठं हायस?"

"जेवून राहिलो, मॅडम," स्पीकरवर आवाज आला.

मृत्युंजयने घड्याळ बघितलं. "जेवण झालंय ना त्यांचं? मग गाडी काढायला सांगा की."

जगदेवीने फोन ठेवला. "काढंल तो. तुम्ही बोला."

"सरळ केस आहे. बोलकी हे फुकटचं सॉफ्टवेअर. कुणीही घ्यावं, कुणीही बदलावं, असला कारभार. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिच्यात एक नवी दुरुस्ती आली. त्यात चार ओळी लपवलेल्या. परीक्षेची वेळ झाली की घसा बंद."

"लपवल्या कुणी?"

"बनवणाऱ्यानंच लपवायला लावल्या. नबील. मंडळ एका कंपनीचं सॉफ्टवेअर घेण्याच्या विचारात होतं. याच्या पोटात दुखलं."

"दुरुस्ती सगळ्या मशीनवर त्यानंच सोडली?"

"खाजा म्हणून त्याचा एक सहकारी आहे, इस्लापूरचा. सोडली त्यानं, पण नबीलच्या होकारानंतर. फिर्यादीत वाक्य दिलंय."

जगदेवीने वाचलं. नबीलने खाजाला लिहिलं होतं, 'तुझी दुरुस्ती तपासून राहिलो.' खाजाचं उत्तर होतं, 'आभारी आहे. मग सोडतो.'

"तपासली आणि गप्प राहिला," मृत्युंजय म्हणाला. "यापेक्षा उघड कबुली काय असते?"

जगदेवीने ते वाक्य पुन्हा वाचलं आणि फिर्याद दाखल करून घेतली.

*

देगलूरला नबीलच्या बापाचं मोटरसायकलच्या सीट-कव्हरचं दुकान. रेक्झिनचे गठ्ठे, शिलाई मशीन, आणि मागच्या खोलीत नबीलचा लॅपटॉप. पोलीस बघून नबील उभा राहिला. त्याची बहीण रुखसार खाटेवरच बसून राहिली. ती जन्मापासून आंधळी. त्या हॉलमध्ये तीही होती.

"मॅडम, एक सांगा," रुखसार म्हणाली. "माझ्या भावानं माझाच पेपर बुडवला, असं म्हणून राहिले का तुम्ही?"

"मी न्हाई. फिर्याद म्हणते."

"फिर्यादीला अक्कल असती तर तिनं आधी माझं हॉल तिकीट बघितलं असतं."

"रुक्कू, गप," नबील पुटपुटला.

"बोलकीत आवाज कुणाचा?" जगदेवीने विचारलं.

"माझाच. यानं उन्हाळाभर मला कपाटात बसवून शब्द वाचून घेतले. बाहेर अब्बांच्या मशिनीची खडखड, म्हणून कपाट. आता दिवसभर माझाच आवाज मला शहाणपण शिकवतो. यापेक्षा सासू परवडली असती."

जगदेवी हसली नाही, पण खुर्ची ओढून बसली. "एवढी मेहनत, तर फुकट का वाटली?"

"फुकट न्हाई मॅडम, मोकळी," नबील म्हणाला. "फरक हाय. घ्या, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या. अट एकच. तुम्ही केलेला बदलही मोकळाच ठेवायचा. कुलूप लावून विकायचं न्हाई."

"आणि मोबदला?"

"शिव्या. मोठमोठ्या कार्यालयांत बोलकी चालती. ज्यांनी कवडी दिली न्हाई ते मालकासारखे वसकन अंगावर यायचे. आज का अडकली, अजून का नीट केली न्हाई, लाज वाटती का. मदतीला मात्र कुणी न्हाई. सुगत होता, माझा लातूरचा दोस्त, आम्ही दोघांनी मिळून सुरू केलं होतं. तो वैतागून, मंडळ जिचं सॉफ्टवेअर घ्यायचं म्हणतं त्याच कंपनीत लागला. मग खाजा आला."

"भेटलास त्याला?"

"न्हाई. आमच्यात तोंड कोण बघतं, काम बघतात. दोन वर्षं इमानानं काम केलं त्यानं. शिव्या देणाऱ्यांना उत्तरंही तोच द्यायचा. मग म्हणला, भाई, तुम्ही लई थकलात, दुरुस्ती सोडायची चावी मलाही द्या. दिली."

"गावाकडचं काय बोलायचा?"

"बोलायचा की. मागं मे महिन्यात आईला घेऊन सहस्रकुंडाच्या धबधब्याखाली भिजून आला म्हणे."

जगदेवीने खिशातून फिर्यादीची प्रत काढली. "हे 'तपासून राहिलो'चं वाक्य. हे सगळ्यांना दिसतं का?"

"न्हाई. बोलकीचं बाकी सगळं उघड्यावर असतं. हे मी त्याला एकट्याला लिहिलं होतं. त्याचा 'सोडतो' म्हणून निरोप मी उशिरा बघितला. तोवर दुरुस्ती सगळीकडं पोचली होती. मला वाटलं, पोरगं उतावळं हाय."

दिवेलागणीला जगदेवीने पंचांसमोर लॅपटॉप स्वतःच्या हाताने सील केला. नबीलला तिने उचललं नाही. मोठ्या साहेबांचा फोन दोनदा वाजला. तिने तो वाजू दिला.

*

सकाळी सुगत तिला लातूरच्या बसस्टँडमागच्या हॉटेलात भेटला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. तिला बघून त्याने ते शर्टाच्या आत सरकवलं.

"लपवतोस कशाला? खाजा तूच का?"

"मी असतो तर नबीलनं दोन ओळींत ओळखलं असतं, मॅडम. माझ्या शिव्या त्याला पाठ हायत."

"मग कंपनीतलं कुणी?"

"मला काय सांगतेत? मी खालचा माणूस. सांगतेल ते मशीनवर टाकतो."

"कंपनीचं सॉफ्टवेअर ऐकव."

सुगतने मोबाइल काढला, परत ठेवला, परत काढला. एक जाड, संथ बाईचा आवाज तारीख वाचायला लागला. जगदेवीने तो तीनदा ऐकला. 'गुरुवार'मधला रु जरा ओढून म्हणायची लकब तिने आदल्या दिवशीच ऐकली होती, देगलूरला, खाटेवर.

"हा तर रुखसारचा गळा."

"थोडा जाड केलाय," सुगत चहाकडे बघत म्हणाला. "आतून बोलकीच हाय. वरून रंग दिला, कुलूप लावलं, किंमत लावली. पोट हाय मॅडम. मी बोललो न्हाई."

"तिला माहीत हाय?"

"कुणी सांगावं तिला?"

जगदेवीला त्या चहाची चव कडू लागली. तेवढ्यात व्यंकटीचा इस्लापूरहून फोन आला.

"मॅडम, खाजा नावाचे तिघं सापडले. एक पंक्चरवाला, एक बकऱ्यांचा व्यापारी, आन् एक अंगणवाडीत. कम्प्युटर कुणालाच येत न्हाई. सरपंच म्हणतेत, असा हुशार माणूस गावात असता तर त्याला आधी निवडणुकीला उभं केलं असतं."

"धबधब्याचं विचारलंस?"

"मे महिन्यात धबधबा? तिथं तवा दगडावर भाकर भाजंल, मॅडम."

*

दुपारी परीक्षा मंडळाच्या लातूर कार्यालयात जगदेवीने सगळ्यांना बोलावलं. उपसंचालक खुर्चीत. शेजारी मृत्युंजय, लॅपटॉप उघडून. समोर नबील, रुखसार, सुगत. दाराशी पंच.

"अटक केली की नाही?" उपसंचालकांनी विचारलं.

"करायला आले, साहेब. आधी कोण ते सांगते." जगदेवीने फिर्याद टेबलावर ठेवली. "नबीलनं लिहिलं, तुझी दुरुस्ती तपासून राहिलो. साहेब, तुम्ही निलंग्याचे. तुमच्या घरी बायको म्हणाली, भाकरी करून राहिले, तर तुम्ही ताटावर बसता का थांबता?"

उपसंचालकांनी नाइलाजाने मान हलवली. "थांबतो."

"का?"

"भाकरी अजून व्हायच्या असतात."

"म्हणजे तपासून राहिलो याचा अर्थ, अजून तपासतोय. हे 'सोड' न्हाई, 'थांब' हाय. इस्लापूरच्या माणसाला हे झोपेत कळंल. या खाजाला कळलं न्हाई. त्यानं आभार मानले आणि दुरुस्ती सोडली. त्याला नबीलच्या होकाराची गरज नव्हती, चावी होती त्याच्याकडं. पण दोष नबीलवर ढकलायचा, तर नबीलचा शब्द हातात पाहिजे होता. तो मिळाला असं त्याला वाटलं. म्हणून खाजा इस्लापूरचा न्हाई. मे महिन्यात धबधब्यात भिजणारा तर या जिल्ह्यातलाच न्हाई."

मृत्युंजय हसला. "बाहेरचे लोक लाखो आहेत, मॅडम."

"हायत की. पण काल माझा हवालदार फोनवर जेवून राहिलो म्हणला, तवा त्याचं जेवण उरकलं असं तुम्ही समजलात. नबीलच्या वाक्याचा अर्थही तुम्ही तसाच लावला. तपासली आणि गप्प राहिला. खाजाची चूक आणि तुमची चूक एकच हाय."

"एका शब्दावरून तुम्ही..."

"शब्दावरून संशय आला. पुरावा वेगळा हाय. ते वाक्य नबीलनं खाजाला एकट्याला लिहिलं. जगात दोनच ठिकाणी होतं, नबीलच्या लॅपटॉपात आणि खाजाकडं. तुमच्या फिर्यादीत ते कुठून आलं?"

"पोलिसांनी लॅपटॉप जप्त केला, त्यात..."

"फिर्याद तुम्ही दुपारी दिली. लॅपटॉप मी त्यानंतर संध्याकाळी सील केला. अजून उघडलेला न्हाई."

मृत्युंजयचा हात लॅपटॉपचं झाकण मिटायला गेला. जगदेवीने झाकणावर तळवा ठेवला.

"राहू द्या उघडा. नबीलनं खाजाला दिलेली चावी यात सापडंल, न सापडली तर पुसल्याची खूण सापडंल. कोर्टाची परवानगी खिशात हाय, पंच दारात हायत."

नबील एकटक बघत होता. "खाजा?" तो हळूच म्हणाला. "मी ताप येऊन पडलो तवा तू रोज विचारायचास. औषध घेतलं का, भाई."



"दोन वर्षं," जगदेवी म्हणाली, "थकलेल्या पोराचा भाऊ होऊन राहिला हा. शिव्या देणारे शंभर, मदतीला हा एकटा. म्हणून चावी मिळाली. बोलकी मुकी झाली तर कंपनीची विकली जाणार. आणि कंपनीची म्हणजे काय? हिचाच आवाज, जाड करून, कुलूप लावून."

रुखसारने मान वर केली. "माझा?"

"तुझाच. मोकळा दिलेला. आता तुलाच विकणार होते."

रुखसारने स्वतःचा गळा चाचपला. मग म्हणाली, "जाड केला म्हणता? मेल्यांना चोरीही नीट करता आली न्हाई."

मृत्युंजयने लॅपटॉपवरचा हात मागे घेतला. "मी एकट्यानं ठरवलेलं नाही हे," तो म्हणाला. "मला जे सांगितलं..."

"ते आमचे कर्मचारी नाहीत," उपसंचालक घाईने म्हणाले. "बाहेरचे सल्लागार आहेत. त्यांच्या कृत्याशी मंडळाचा संबंध नाही. फौजदार, तुम्ही त्यांना न्या आणि हे प्रकरण संपवा."

व्यंकटीने मृत्युंजयच्या दंडाला धरलं. उपसंचालकांनी पुढची फाइल ओढली. तेव्हा कोपऱ्यातून सुगत उठला. ओळखपत्र त्याने गळ्यातून काढून हातात धरलं होतं.

"एक राहिलं, मॅडम. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी त्या हॉलमधल्या सगळ्या मशीनवर कंपनीचं सॉफ्टवेअर टाकलं. या खुर्चीतल्या साहेबांनी स्वतः उभं राहून टाकून घेतलं. मी विचारलं, बोलकी चांगली चालू हाय, मग हे कशाला? साहेब म्हणले, टाकून ठेव, परत परीक्षा घ्यायची पाळी आली तर धावपळ नको."

उपसंचालकांचा हात फाइलवर थांबला. जगदेवी त्यांच्या टेबलापाशी गेली आणि दोन्ही हात टेकवून उभी राहिली.

"पहिलीच परीक्षा व्हायची होती, साहेब. बोलकी तवा बोलत होती. दुसऱ्या दिवशी ती मुकी होणार, हे तुम्हाला आधी कुणी सांगितलं? नाव घ्या."