कोवळं रक्त

उपकेंद्रात बाळांना टोचायचा दिवस होता. लेकरं मांडीवर घेऊन बसलेल्या बायांच्या रांगेत धनंजयही बसला होता, चाळिशीचा, मिशा राखलेला. नर्स सुशीलाबाईंना हसू आवरेना. "तुमाले कायले जी लहान लेकराइचे टीके?"

"हाडातली मज्जा बदलली की अंग जुने टीके इसरते म्हने," धनंजयची बायको मेघा म्हणाली. "सारे नव्यानं घ्या लागतेत."

रक्ताच्या कर्करोगातून धनंजय उठला तो नऊ वर्षांच्या गुंजनच्या मज्जेवर. लेकीला कुणी विचारलं नव्हतं. आजी गोदावरीबाई परस्पर हो म्हणून मोकळ्या झाल्या. मेघाही गप्प बसली. नवरा मरणाच्या दारात असताना कोणती बाई तोंड उघडेल? आता गावभर कौतुक चाललं होतं, पोरीनं बापाले जीव देल्ला.

नागपूरचा डॉक्टरही खूश होता. "दिलेल्या पेशी सहसा लवकर म्हाताऱ्या होतात. यांच्या मात्र दिवसेंदिवस कोवळ्या होतायत." मेघानं गुंजनचं विचारलं. पोर सारखी तापानं फणफणते, शाळेच्या पायऱ्या चढताना गुडघे धरते. त्यानं रिपोर्ट चाळले. सगळं नॉर्मल. मज्जा महिनाभरात भरून येते, ताई.

येत असेल. पण वेणी घालताना गुंजनचे केस हाताला राठ लागायचे. कानामागं एक बट पांढरी दिसली. पावडर लागली असेल म्हणून मेघानं ती पदरानं पुसली. पुसली गेली नाही.

मग गुंजनचा पुढचा दात पडला. आजीनं तो रिवाजाप्रमाणे छपराच्या कवेलूवर फेकला, नवा लवकर यावा म्हणून. दिवाळी गेली, धान कापून झालं, हिरडी रिकामीच. उलट आणखी दोन दात पडले. पोर पोळी दुधात कुस्करून खायला लागली, आजीच्या बरोबरीनं.

धनंजय मात्र चणे फोडत होता. औषधांच्या माऱ्यात त्याचा पुढचा दात गेला होता. एका सकाळी तो मोरीवर चूळ भरत असताना मेघाचं लक्ष गेलं. त्या जागी नवा दात होता. दुधी, कडेला करवतीसारखा दातेरी, लहान मुलांना येतो तसा.

"तोंड दाखवा बरं."

त्यानं ओठ मिटले. म्हणजे याला ठाऊक होतं! मेघाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"नागपूरले जाऊन येऊ," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "गुंजनची आनखी थोडी मज्जा काढून ठेवू. पुढं लागली तं."

"आनि तिले लागली तं?"

आतून गोदावरीबाईच बोलल्या, "पोरीचं काय, उद्या लोकाच्या घरी जाईन ते."

मेघानं पोरीला उचललं. किती हलकी झाली होती! भंडाऱ्याच्या स्टँडवर तिनं लाखांदूरची एसटी धरली. माहेरी नेली की पोर वाचेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. गुंजन तोंडाला स्कार्फ बांधून खिडकीशी बसली.

गाडी सुटताच कंडक्टर आला.

"तुमचं अर्धं तिकीट. आजीचं आधार कार्ड दाखवा. पंच्याहत्तरच्या वर असन तं तिकीट नाही लागत."

मेघानं गुंजनच्या तोंडावरचा स्कार्फ खाली ओढला.

कंडक्टरनं वाकून नीट पाहिलं.

"आजी," तो अदबीनं म्हणाला, "खिडकी लावून घ्या. हवा लागन."