घड्याळबाई

"परतायची वेळ खरी लिही गं. जास्तीची लिहिलीस, तर तेवढा वेळ तुला कुणी शोधायला येणार नाही."

थोरल्या जावेचे हे शब्द धाकटीने या कानाने ऐकले, त्या कानाने सोडून दिले आणि धक्क्यावरच्या वहीत ठसठशीत अक्षरांत 'पाच' लिहिले. खरे तर ती दोनला परतणार होती. सात महिन्यांचे, अजून अंगावर पिणारे लेकरू सासूबाईंजवळ ठेवून, कॉलेजातल्या मैत्रिणीच्या नव्या मोटरबोटीतून, बाळंतपणानंतर प्रथमच ती घटकाभर मोकळ्या वाऱ्यावर निघाली होती... आणि मागच्या महिन्यात एका जोडप्याला वीस मिनिटे उशीर झाला, तर थोरलीने सारा किनारा फोन करकरून कसा डोक्यावर घेतला होता, हे ती विसरली नव्हती. आपले तसे हसे नको, बाई!

होडीवाले थोरलीला 'घड्याळबाई' म्हणत. धक्क्याच्या टोकाला एक डुगडुगते टेबल, त्यावर वही, आणि जो निघेल त्याला "जॅकेट अंगात घाला, बाकाखाली ठेवू नका" म्हणून बजावणारी ही बाई... गेल्या वर्षीपर्यंत हीच बाई बचाव हेलिकॉप्टरच्या उघड्या दारात पालथी पडून, तारेच्या टोकाला माणूस लावून खवळलेल्या समुद्रात सोडत असे, हे कुणाला खरे वाटावे! खाली काय चालले आहे ते वैमानिकाला दिसत नाही. दारातल्या माणसाच्या आवाजावर तो यंत्र हलवतो. पुढे पाच मीटर... पुढे तीन... एक... थांब. चौदा वर्षे तो आवाज थोरलीचा होता. आणि तारेच्या टोकाला, त्यातली शेवटची सहा वर्षे, तिचा सख्खा दीर, धाकटीचा नवरा.

मग वरून हुकूम आला. खर्च आवरायचा आहे, या किनाऱ्यावरून बोलावणी कमी येतात, सबब इथला तळ बंद. वीस मिनिटांत येणारे हेलिकॉप्टर तासाभराच्या अंतरावर गेले आणि चौघांचे पथक तिघांचे झाले. आग कमी लागते म्हणून कुणी बंब विकतं का, एवढेच थोरली तेव्हा म्हणाली. आठवड्याने तिने घरात सांगितले, मला हल्ली भीती वाटते, मी नोकरी सोडली. त्या दिवसापासून सासूबाई तिला 'आमची भागूबाई' म्हणू लागल्या. तिचा नवरा महिनोन्महिने जहाजावर. तिची बाजू घेणार कोण? धाकटीला तेव्हा पाचवा महिना होता. तीही सासूबाईंच्या हसण्यात हसली होती.

...दीड वाजता, दीपगृहामागच्या खडकांपाशी, एका आडव्या लाटेने बोट उलटली.

दोघी उपड्या बोटीला धरून राहिल्या. फोन पाण्यात गेले होते. धक्क्यावर थोरलीने स्वतः पट्टे आवळून दिलेल्या जॅकेटनी त्यांना वर धरले होते, पण गार पाण्यात बोटे लाकडासारखी झाली. मैत्रीण रडत रडत पुन्हापुन्हा म्हणत होती, आता कुणीतरी येईल... कुणी येणार नाही, हे एकट्या धाकटीला ठाऊक होते. पाच! स्वतःच्या हाताने तिने पाच लिहिले होते, आणि पाचपर्यंत हे हात टिकणार नव्हते. तिकडे लेकरू भुकेने आकांत करत असेल, आणि इथे त्याच्या वेळेला त्याचा पान्हा खाऱ्या पाण्यात वाहून चालला होता...

सव्वातीनला आभाळ घरघरले. तारेवरून एक माणूस खाली आला, त्याने तिच्या काखेखालून पट्टा ओढला, आणि शिरस्त्राणाच्या काचेआड तिला आपल्या नवऱ्याचे डोळे दिसले.

दवाखान्यात, मैत्रिणीच्या शेजारच्या खाटेवर, तीन ब्लँकेटांखाली, दातांवर दात वाजत असताना तिने पहिला प्रश्न विचारला तो हाच: तुम्हा लोकांना कळलं कसं?

नवऱ्याने सांगितले. दोन वाजून दहा मिनिटांनी तळावर वहिनीचा फोन आला होता. अधिकाऱ्याने वहीतली वेळ विचारली. पाच, असे तिने खरे ते सांगितले. मग तीन तास थांबा बाई, असे तो म्हणाला, एका उड्डाणाचा हिशेब हल्ली वर द्यावा लागतो. तेव्हा वहिनी म्हणाली, "कागदावर पाच असतील. अंगावर पिणारं पोर घरी आहे. त्याची आई दोनच्या पुढे बाहेर राहत नाही. जबाबदारी माझी, माझं नाव लिहून घ्या." तो आवाज ओळखून वैमानिक हातातला पेला ठेवून उठला होता.

"आणि अजून एक," नवरा खाली मान घालून म्हणाला. "वहिनी घाबरून गेली नव्हती. पथकातून एकाला कमी करायचं होतं, नियमाप्रमाणे ते नाव माझं होतं. माझ्याऐवजी तिनं स्वतःचं नाव काढून घेतलं, आणि घरात सांगायचं नाही अशी मला शपथ घातली होती."

"आणि तू ऐकत राहिलास? आई रोज तिला टोचत होत्या, मी हसत होते... तू जेवत राहिलास समोर बसून?"



इतक्यात थोरली आलीच, कडेवर रडून लाल झालेले लेकरू घेऊन, मागून सासूबाई. ती घाईने म्हणाली, आधी याला घे, बाकीचं मग. धाकटीने बाळाला पोटाशी धरले, आणि दुसऱ्या हाताने जावेचे मनगट.

"ताई, दिराची नोकरी राहावी म्हणून स्वतःची का सोडलीत?"

थोरलीने बाळाचे टोपडे सारखे केले. "अगं, सहा वर्षं मी त्याला खाली सोडला आणि दर वेळी वर घेतला. माणसाला खालीच सोडून दोर आवरायचा, हे या हातांना कुणी शिकवलंच नाही."

भिंतीजवळचे स्टूल सासूबाईंनी स्वतः ओढत आणले, थोरल्या सुनेच्या मागे ठेवले आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून तिला बसवले. धाकटीचा ऊर असा भरून आला होता, की या बाईची मी जाऊ आहे, हे साऱ्या दवाखान्याला ओरडून सांगावे!

हेलिकॉप्टर अजून तासाभरावरच आहे. धक्क्यावरच्या टेबलाशी आता दोन खुर्च्या असतात, आणि दुसरीच्या शेजारी बाळाची गाडी.

वाचकहो, तुमच्याही घरात कुणीतरी असेल, "मला नकोच होतं ते" म्हणून काहीतरी सोडून दिलेली. वहिनी असेल, मावशी असेल, मोठी बहीण असेल. आज तिच्याकडे एक चक्कर मारा. काही विचारता नाही आलं तर नका विचारू, थोडा वेळ नुसते शेजारी बसा... पण जा.